सोलापुरात राहून सूर्यप्रकाशाच्या रसायनावर संशोधन : मुलीला या वाटेनं जाऊ द्यावं का?

होटगीरोड

नमस्कार मंडळी. मुलगी एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथेच सोलापुरात. तिच्या विभागातले एक सर उन्हावर काम करणारे पदार्थ बनवतात. पाण्यातून हायड्रोजन काढायचा, रंगाचं पाणी स्वच्छ करायचं, असं काहीसं ती सांगत असते. तिचा प्रकल्प त्यांच्याकडेच आहे. पुढे पीएचडी यातच करायची आणि प्राध्यापक व्हायचं, हे तिचं पक्कं ठरलंय.

घरात दोन तट आहेत. तिचे बाबा म्हणतात, चिंचोळी एमआयडीसीत औषधांच्या कंपन्या आहेत, क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला, लगेच लागेल, दोन पैसे हातात येतील. सासूबाईंना बीएड हवंय. माझं स्वतःचं सायन्स बारावीपर्यंतचं, त्यामुळे तिच्या बाजूनं बोलायचं तर मुद्दे नाहीत आणि विरोधात बोलायला मन होत नाही. हे काम नक्की असतं काय? त्यातून प्राध्यापक कसं होतात? आणि सोलापुरात राहून जमतं, की बाहेर जावंच लागतं? जाणकारांनी मोकळेपणानं लिहा.

नवीपेठ

ताई, क्यूसीची नोकरी वाईट नाही. माझा भाचा एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हात बसल्यावर हैदराबादला गेला, चांगलं चाललंय. पण मुलीचं मन तिकडं नसेल तर ओढून नेऊ नका. त्या क्षेत्रातलं कुणी इथं असेल तर मलाही वाचायचंय.

प्रयोगवही

मी याच विषयात आहे आणि सोलापूर जिल्ह्यातच शिकवतो. प्रश्न मनापासून विचारलाय, तर उत्तरही सविस्तर देतो.

आधी काम काय ते. काही पदार्थांवर उजेड पडला की त्यांच्यातला इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली एक रिकामी जागा राहते. हा इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा पुन्हा एकत्र येण्याआधी आपण त्यांच्याकडून रासायनिक काम करून घ्यायचं. इलेक्ट्रॉननं पाण्यातला हायड्रोजन सोडवायचा, रिकाम्या जागेनं ऑक्सिजन काढायचा किंवा रंगाचा रेणू तोडायचा. १९७२ मध्ये टोकियोच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि जगभर या कामाकडे लोक वळले.

अडचण अशी की टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे त्या दोन पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणजे त्याला अतिनील किरणच लागतात, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. बाकीचं ऊन कितीही कडक असलं तरी त्याच्या उपयोगाचं नाही. कुंपणावरून पलीकडे जायचं तर एका उडीत जावं लागतं, दोन अर्ध्या उड्या मारून चालत नाही, तसं. म्हणून गेली पन्नास वर्षं लोक दृश्य प्रकाशात चालणारे पदार्थ शोधतायत. कॅडमियम सल्फाइड २.४ ला बसतं, पण उजेडात स्वतःच झिजतं, शिवाय कॅडमियम विषारी. बिस्मथ व्हॅनाडेट पिवळं धमक, साधारण तेवढ्याच गॅपचं, ऑक्सिजन काढायला चांगलं, पण हायड्रोजन त्याच्यानं निघत नाही. २००९ साली ग्राफिटिक कार्बन नायट्राइड पुढे आलं. गॅप २.७. यात धातू नाही, महाग काही नाही.

हे शेवटचं आमच्यासारख्यांसाठी फार मोलाचं ठरलं. झाकणाच्या क्रुसिबलमध्ये युरिया किंवा मेलामाइन घालायचं, मफल भट्टीत ५५० अंशांवर काही तास ठेवायचं. अमोनियाचा वास पार जिन्यापर्यंत येतो. सकाळी झाकण काढलं की तळाशी फिकट पिवळी, हलकी, बोटाला चिकटणारी पूड असते. युरियातून घातल्याच्या मानानं फारच थोडी पूड मिळते. पण ज्या विभागात भट्टी आहे आणि वीज टिकते, तिथं हे होतं. परदेशी मशीन लागत नाही. माझा पहिला विद्यार्थी शेतकऱ्याचा मुलगा होता. शेतात टाकतो त्याच युरियातून उन्हात हायड्रोजन देणारा पदार्थ होतो, हे त्यानं वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. फार आनंद झाला होता.

आता करिअरचं. माझं बीएस्सी झालं तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. सोलापूर विद्यापीठ २००४ चं. कोल्हापूरला पातळ थरांच्या कामाची जुनी परंपरा आहे, केमिकल बाथ आणि स्प्रे पायरॉलिसिसची. बीकरमध्ये काच उभी करून गरम द्रावणातून तिच्यावर अर्धवाहकाचा थर चढवायचा, ही पद्धत स्वस्त आहे आणि आपल्याकडच्या कित्येक मुलांनी त्याच बीकरवर पीएचडी केली. मीही. मग कोरियात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), मग इकडे अनुदानित कॉलेजात जागा.

पायऱ्या सांगतो. एमएस्सीनंतर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) पात्रता परीक्षा. सहायक प्राध्यापकासाठी ती किमान पात्रता आहे. पीएचडी सक्तीची करायचं घाटत होतं, पण २०२३ मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोग) ती अट काढली. तरी आपल्या विषयात पीएचडी नसेल तर मुलाखतीत टिकाव लागणं कठीण. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं वेगळं. सीनियर झाल्यावर ४२,०००. ती नाही मिळाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप बघायच्या. पीएचडीला किमान ३ वर्षं, कमाल ६, आणि महिलांना २ वर्षांची सवलत आहे. नेमणूक झाली की पगाराची लेव्हल १०, मूळ पगार ५७,७०० पासून. सगळं वेळेवर झालं आणि पीएचडी आधीच असेल तर तिथून प्राध्यापक म्हणजे लेव्हल १४ पर्यंत चार टप्प्यांची ४, ५, ३ आणि ३ अशी १५ वर्षं धरा.

हे सगळं कागदावर सरळ दिसतं. पीएचडी आणि नेमणूक यांच्या मधल्या काळाबद्दल कुणीतरी लिहायला हवं. मी नशीबवान होतो, म्हणून माझ्यापेक्षा दुसऱ्यानं लिहिलेलं बरं.

उजनी_बॅकवॉटर

सर, माहिती छान. एक शंका राग न मानता ऐका. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. इथं पाणी तोडून हायड्रोजन काढायचं संशोधन कशाला? आधीच एनटीपीसीच्या औष्णिक प्रकल्पाला उजनीतून पाणी जातंय.

प्रयोगवही

राग कसला, हा प्रश्न आमच्या परिषदांमध्ये विचारला जायला हवा. हिशेब असा आहे. १ किलो हायड्रोजनला रसायनशास्त्रानुसार ९ किलो पाणी लागतं. प्रत्यक्षात शुद्धीकरणात वाया जाणारं धरून जास्त. त्या १ किलोत सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. म्हणजे पाणी लागतं, पण ऊस ज्या मापानं पाणी पितो त्या मापानं नाही. आणि कोळशाच्या प्रकल्पालाही थंडाव्यासाठी पाणी लागतंच, इथला तर १३२० मेगावॅटचा आहे.

माझ्या मते सोलापूरकरांनी सांडपाण्यातून हायड्रोजन काढण्याकडे बघावं. प्रयोगशाळेत आपण पाण्यात मिथेनॉल किंवा ट्रायइथेनॉलअमाइन घालतो, ते इलेक्ट्रॉन पुरवतं आणि हायड्रोजन सुटायला मदत करतं. त्या जागी सांडपाण्यातला सेंद्रिय भाग वापरता आला तर दोन्ही कामं एकदम होतील. यावर बऱ्याच ठिकाणी काम चालू आहे. पुण्याच्या सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेत हायड्रोजन सल्फाइडसारख्या घाणेरड्या वायूतून उजेडात हायड्रोजन काढण्यावर काम झालंय.

पूर्वभाग_डायिंग

सर नमस्कार. आमचं सूत रंगवायचं युनिट हाय. टॉवेल आणि चादरीचं सूत. तुम्ही वर रंगाचा रेणू तोडायचं म्हणालात. आमच्याकडं असे बरेच जण येऊन गेले, बाटलीत निळं पाणी पांढरं करून दाखवतात. टाकीत घातलं की काय बी होत नाही. खरं काय ते सांगा की ओ. कारण पाण्यापायी नोटीस येती, आणि ट्रीटमेंटचा खर्च आमच्या मजुरीत बसत नाही.

प्रयोगवही

तुमचा अनुभव खरा आहे, आणि त्याची कारणं रसायनशास्त्रात आहेत.

बाटलीतल्या निळ्या पाण्यात बहुतेक वेळा मेथिलीन ब्लू नावाचा रंग असतो, लिटरमागे काही मिलिग्रॅम. त्यातून उजेड आरपार जातो. तुमच्या टाकीतलं पाणी इतकं गडद असतं की उजेड वरच्या थरातच संपतो, खालच्या पुडीला तो दिसतच नाही. दुसरं, रिअॅक्टिव्ह रंगाला तुम्ही मीठ आणि सोडा घालता. रंग तोडायचं काम करणारे जे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, त्यांना क्लोराइड आणि कार्बोनेट मध्येच गाठतात. तिसरं, पूड पाण्यातून परत काढायची कशी? इतकी बारीक पूड साध्या फिल्टरला दाद देत नाही.

म्हणून गडद पाण्यावर थेट हा उपाय करू नका, कुणी विकायला आलं तरी. आधी नेहमीची प्रक्रिया, गाळ बसवणं, जैविक टाकी. त्यानंतर जो फिक्का, हट्टी रंग उरतो तिथं काचेवर किंवा मण्यांवर बसवलेला उत्प्रेरक आणि ऊन हे जमण्यासारखं आहे. आणि कुणी दाखवायला आलं तर रंग गेला का एवढं बघू नका, सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचं माप) किती उतरला ते विचारा. रंग जातो पण रेणूचे तुकडे पाण्यातच राहतात, असंही होतं, आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात.

तुमच्या युनिटमधलं खरं पाणी एखाद्या विद्यार्थ्याला नमुन्यासाठी देता येईल का? आमच्या विषयात हजारो निबंध मेथिलीन ब्लूवर आहेत. मीठ-सोड्याच्या खऱ्या पाण्यावरचे त्या मानानं फार थोडे. सोलापुरात बसून करायचं तर हेच काम आहे, असं मी कळकळीनं सांगतो.

पूर्वभाग_डायिंग

देतो की सर. क्यान भरून देतो, आठवड्याला मागितलं तरी देतो. रंग बदलला की पाणी बदलतं, ते बी लिहून देतो.

तासिका

सरांनी मधल्या काळाबद्दल लिहायला सांगितलं, म्हणून लिहिते. मी पीएचडी आहे, सेट आहे, निबंध चांगल्या नियतकालिकांत आहेत. विषय हाच, प्रकाश-उत्प्रेरक. आणि मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर तासाला मानधन, तेही महिनोन्महिने थकतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. दर जूनला नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. कॉलेजचं नाव सांगणार नाही, आणि गरजही नाही, कारण महाराष्ट्रात असं बऱ्याच ठिकाणी आहे. भरतीवर बंदी, मग थोडी सूट, मग जाहिरात निघते आणि पुन्हा थांबते, यात माझ्या बरोबरीच्या कित्येकांची उमेदीची वर्षं गेली.

संशोधन मात्र मी सोडलेलं नाही. सायंकाळी प्रॅक्टिकल संपलं की मुलींना थांबवते, त्यांच्याबरोबर काम करते. माझ्याकडे झेनॉनचा, म्हणजे उन्हासारखा उजेड देणारा, दिवा नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी गच्चीवर उन्हात प्रयोग लावतो. ११ ते २ या वेळात ऊन बऱ्यापैकी स्थिर असतं, तरी ढग आला की नोंद करायची. त्या प्रयोगांवरची एक विद्यार्थिनी नुकतीच जेआरएफ झाली.

होटगीरोडताई, मुलीला या वाटेनं पाठवा असं मी म्हणेन. पण तिला आत्ताच सांगा की पीएचडीनंतर काही वर्षं अशी जाऊ शकतात, आणि त्या वर्षांत घरानं तिच्यामागे उभं राहायचं आहे. लग्नाचं बोलणंही नेमकं त्याच वर्षांत निघतं. ते तुम्ही आई म्हणून सांभाळा.

होटगीरोड

तासिकाताई, वाचून गलबलून आलं. मुलीनंही वाचलं. ती म्हणाली, "आई, यांच्या गच्चीवर मला जाऊन यायचंय."

ग्वांगजूहून

मी मूळचा अक्कलकोट तालुक्यातला, सध्या दक्षिण कोरियात पोस्टडॉक. इथं कोल्हापूर-सोलापूरकडची मुलं इतकी आहेत की गणपतीला महाप्रसादाची पंगत बसते.

बाहेर जावंच लागतं का, या प्रश्नावर माझं मत. सक्ती नाही, पण गेलं तर दोन गोष्टी मिळतात. एक, उपकरणं चोवीस तास हाताशी. तिकडे एक्सपीएस (पृष्ठभागाची रासायनिक तपासणी) किंवा टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नमुना पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्राला किंवा कोल्हापूरला पाठवून नंबर लागायची वाट बघावी लागते. इथं दुपारी बनवलं, संध्याकाळी बघितलं. दुसरं, मोठ्या गटात काम कसं चालतं ते कळतं. मी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थांच्या सौर विद्युतघटांवर आहे. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटानं पहिला घट केला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आज २५ च्या पुढे आहे. इतक्या वेगानं दुसरा कुठलाच सौर पदार्थ वर आलेला नाही. अडकलंय ते टिकाऊपणात. दमट हवा, उष्णता आणि त्यात शिसं.

आणि इथंच मला सोलापूर आठवतं. प्रमाण चाचणीत घट २५ अंशांवर मोजतात. टिकाऊपणाच्या चाचणीत ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. सोलापूरच्या मे महिन्यात छतावरचं पॅनेल हाताला चटका देतं, आणि पावसाळ्यात तेच पॅनेल भिजतं. अशा खऱ्या हवेत वर्षभर ठेवून घेतलेल्या नोंदी जगाला हव्या आहेत. त्यासाठी कोट्यवधींचं मशीन लागत नाही. नोंदी रोज घेणारी माणसं लागतात. परत येऊन मला हेच करायचंय, जागा निघाली की.

नवीपेठ

सरकारनं हरित हायड्रोजनचं मिशन काढलंय ना? १९,७४४ कोटींचं? त्यातून या मुलांना काही मिळत नाही का?

प्रयोगवही

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, हो. पण त्यातला मोठा पैसा इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाणी तोडणारं यंत्र) बनवणाऱ्यांना आणि हायड्रोजन तयार करणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून आहे. संशोधनाला वाटा आहे, पण छोटा. यामागचं कारणही समजून घ्यायला हवं. आज सौर पॅनेलची वीज इलेक्ट्रोलायझरला दिली तर उन्हातल्या ऊर्जेचा दहा टक्क्यांहून अधिक भाग हायड्रोजनमध्ये उतरवता येतो. पूड पसरून थेट उन्हात हायड्रोजन काढायचा तर, जपानमध्ये दोमेन यांच्या गटानं १०० चौरस मीटरचे पॅनेल लावून २०२१ मध्ये जे दाखवलं, त्यात सर्वांत जास्त कार्यक्षमता ०.७६ टक्के होती. प्रयोग मोठा होता, मी स्वतः तो निबंध वर्गात शिकवतो. पण आकडा आकडा आहे. उद्या आपल्या गाड्या या पुडीवर चालतील असं कुणी मुलीला सांगितलं तर ते खरं नाही. हे मूलभूत काम आहे, आणि ते तसंच समजून करायचं.

होटगीरोड

सर, मुलीचा एक प्रश्न. ती विचारतेय, गाइड निवडताना काय बघायचं? सध्याचे सर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे जागा रिकामी नसेल तर दुसरीकडे जावं लागेल.

प्रयोगवही

यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण पाच-सहा वर्षांचा प्रश्न आहे.

प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायककडे ४ एवढेच विद्यार्थी एका वेळी असू शकतात. म्हणून जागा आधी विचारावी. निबंधांची संख्या बघून भारावू नये. तिनं त्या प्रयोगशाळेत एक दिवस नुसतं बसावं आणि रंगाचा प्रयोग कसा लावतात ते बघावं.

रंगाच्या पाण्यात पूड टाकली की दिवा लावण्याआधी ते पाणी अंधारात ढवळत ठेवावं लागतं, साधारण अर्धा तास. कारण पुडीच्या पृष्ठभागावर रंग नुसताच चिकटतो. तो चिकटून समतोल झाल्यावर पहिला नमुना काढायचा, मग दिवा. हे केलं नाही तर चिकटलेला रंगही 'उजेडानं तुटला' म्हणून मोजला जातो, आणि आलेख फार सुंदर येतो. मग पूड न घालता नुसत्या रंगावर दिवा लावून बघायचं, कारण मेथिलीन ब्लू उजेडात थोडा आपणहून फिका होतो. मग दिवा न लावता नुसती पूड. ही तीनही प्रकारची मोजणी वहीत आहे का, ते बघावं. हायड्रोजनचं काम असेल तर अंधारातलं गॅस क्रोमॅटोग्राफचं (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) वाचन आहे का, आणि दिवा किती शक्तीचा, बीकरपासून किती अंतरावर होता हे लिहिलंय का, ते विचारावं. कारण 'ताशी ग्रॅममागे इतके मायक्रोमोल' हा आकडा दिवा आणि भांडं बदललं की बदलतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून कोण भारी ते ठरवता येत नाही.

ज्या गाइडच्या विद्यार्थ्यांना विचारल्यावर ते फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी दाखवतात, त्याच्याकडे जावं. माझ्या गाइडनं मला सगळ्यात आधी शिकवलं ते हे, की वहीतलं पान फाडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आज या विषयात निबंधांचा पूर आलाय आणि मागे घेतलेल्या निबंधांची संख्याही वाढतेय. अशा वेळी छोट्या गावातल्या प्रयोगशाळेची अब्रू तिच्या वहीवर आहे. मुलीनं एवढं सांभाळलं तर सोलापूरचा पत्ता निबंधावर असल्यानं काही बिघडत नाही.

आणखी एक. निबंध छापल्याशिवाय प्रबंध देता येत नाही अशी सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. म्हणून कुणी पैसे भरून भलत्याच नियतकालिकात छापायची घाई करत असेल, तर तिथून निघावं.

तासिका

सरांच्या अर्ध्या तासाबद्दल शंभर टक्के सहमत. मी मुलींना तो अर्धा तास सोडू देत नाही, बस चुकली तरी.

होटगीरोड

सगळ्यांचे आभार. काल रात्री घरात बसून हा धागा मोठ्यानं वाचला. तिचे बाबा डायिंगवाल्या दादांच्या प्रतिसादापाशी थांबले. त्यांचं बालपण पूर्व भागात गेलंय, रंगीत नाल्याच्या शेजारी. त्यांनी नेटच्या तयारीला होकार दिलाय. अट एकच, एमएस्सी झाल्यावर नेटचा निकाल लागेपर्यंत चिंचोळीत अर्ज करून ठेवायचा. मुलीला मान्य आहे. सासूबाईंशी बोलणं अजून बाकी आहे.

तासिकाताई, रविवारी गच्चीवर प्रयोग असतो का? आम्ही दोघी येतो. आणि दादा, पाण्याचा नमुना घ्यायला क्यान कसला आणायचा?

पूर्वभाग_डायिंग

प्लास्टिकचा पाच लिटरचा आणा ताई, तेलाचा नको. सकाळी नऊच्या आत या, त्या टायमाला मरून रंगाचं पहिलं पाणी सुटतं.

तासिका

रविवारी आहे. साडेदहाला या, म्हणजे अकराच्या आत अंधारातलं ढवळणं उरकेल. टोपी आणा.